100 की 125? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया जरा झोंबली, पण त्यातलं निम्मं बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 500 ग्रॅम पाणी घेऊन 20 टक्क्यांचं मिठाचं द्रावण करायला सरळ 100 ग्रॅम मीठ पुरतं, मी 125 सांगून उगाच घोळ घातला, आणि सलाइनच्या बाटलीचा हिशेब माझ्या सूत्रात बसतच नाही.

आधी ते 100 ग्रॅम बघू. वजनकाट्यावर रिकामं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा, 500 ग्रॅम पाणी घ्या आणि त्यात तुमचं 100 ग्रॅम मीठ विरघळवा. काटा 600 दाखवेल. मीठ दिसेनासं झालं तरी त्याचं वजन कुठे जात नाही. आता 600 मध्ये 100 म्हणजे 16.67 टक्के. टक्केवारी सगळ्या द्रावणावर काढतात, तुम्ही ती पाण्यावर काढलीत. 20 टक्क्यांच्या द्रावणात मीठ 20 भाग, तर पाणी 80. म्हणजे पाण्याच्या पाव पट मीठ, 500 ला 125. एकूण 625, त्याचे 20 टक्के पुन्हा 125. ताळा जुळला. गणितात 'पाणी 500' ऐवजी 'द्रावण 500' असतं, तर उत्तर तुमचंच: मीठ 100, पाणी 400. मुलांचे मार्क जातात ते या एका शब्दापायी, गुणाकार सहसा कुणाचा चुकत नाही.

1 टक्क्याच्या द्रावणाला हा फरक जाणवतही नाही. 500 ग्रॅम पाण्याला तुमच्या रीतीने 5 ग्रॅम, माझ्या रीतीने 5.05. साध्या काट्याला दोन्ही सारखेच. सवय लागते ती इथेच.

सलाइनबाबत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. तिथे 0.9 टक्के म्हणजे 1 लिटर द्रावणात 9 ग्रॅम. मीठ वजनात, द्रावण आकारमानात. मी नुसतं 'टक्के' लिहून मोकळा झालो, ही चूक माझीच. या रीतीने 20 टक्के करायचं तर 20 ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि मग 100 मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. आधीच 100 मिली पाणी मोजून ओतलंत तर पातळी खुणेच्या वर जाते. खुणेपर्यंत भरलेलं हे द्रावण काट्यावर ठेवलं तर 113 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे वजनाच्या हिशेबाने ते सुमारे 17.7 टक्केच.

उदाहरणात आता 'वस्तुमानाने 20 टक्के' अशी दुरुस्ती केली आहे. 125 तसेच ठेवले आहेत.