गाडीला फिरवून आणतो

"दीड लाख किलोमीटर झालेत, पण सगळे हायवेचे," विकणारा म्हणाला होता. मला ते गाडीचं कौतुक वाटलं. तो इशारा होता, हे कळायला तीन महिने गेले.

गाडी सेकंड हँड, डिझेलची आणि मागे लांबलचक डिकी असलेली इस्टेट. काहीजण हिलाच स्टेशन वॅगन म्हणतात. ते नावच मुळी रेल्वे स्टेशनावरून उतारू आणि त्यांच्या ट्रंका वाहणाऱ्या गाड्यांवरून पडलं, म्हणजे हमाली तिच्या पत्रिकेतच होती. माझ्याही होती, हे नंतर कळलं. ज्यांना माझा वाढदिवस कधी आठवला नाही, त्यांना माझी डिकी बरोबर आठवते. मागची सीट पाडली की आत अख्खी गादी आडवी होते. हे एकदा कुणी पाहिलं की त्याला घरातली गादी बदलावीशी वाटते. पार्किंगमध्ये हत्ती आत जातो, शेपूट बाहेर राहतं, आणि मागची काच आरशात इतकी लांब दिसते की तिकडचं हवामान वेगळं असावं.

तर, डिझेल घेतली ती ॲव्हरेजसाठी. साठ लिटरची टाकी फुल केली की मीटरवर हजाराच्या पुढचा आकडा उमटतो. माझं ऑफिस चार किलोमीटरवर. एका टाकीत चार महिने काढायचे, असा माझा बेत होता.

मग एका सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. एक नळकांडं, त्याच्या पोटात ठिपके. मला वाटलं, गाडी पावसाचा अंदाज सांगतेय.

मेकॅनिकने बॉनेट उघडण्याआधी मला रोजचा रस्ता विचारला. चार किलोमीटर म्हटल्यावर त्याने बॉनेट उघडलंच नाही. "गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही ती चालवतच नाही."

भानगड अशी, की डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला वाटेत एक फिल्टर बसवलेला असतो. तो भरत आला की आतली काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास उष्णता हवी. हायवेवर हे काम बिनबोभाट उरकतं. चार किलोमीटरमध्ये इंजिनाच्या डोळ्यांवरची झोपही उतरत नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये मुद्दाम उशिरा, जादा डिझेल सोडतो, म्हणजे धूर तापावा. आपण मध्येच गाडी बंद केली की काजळी जागच्या जागी राहते. त्या जादा डिझेलमधलं थोडं खाली ऑईलमध्ये झिरपलेलं असतं, ते वेगळंच.

मला हे पटेना. त्याने ऑईलची काठी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून माझ्या नाकासमोर धरली. ऑईल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं. एक थेंब बोटांत चोळून त्याने मला वास घ्यायला लावला. डिझेल! लोकांच्या गाड्या ऑईल पितात. माझी प्यायलेलं परत करते.

रुडॉल्फ डिझेलने 1893 साली पेटंट मिळवलं, तेव्हा कल्पना किती सुटसुटीत होती: ठिणगी नकोच, हवाच इतकी दाबा की ती तापेल आणि इंधन आपोआप पेटेल. नुसत्या दाबाने पेटणं मला समजतं. ऑफिसात मी तेच करतो. पण काजळी जाळायला माणसाला बाहेर काढणं, हे त्या बिचाऱ्याच्या कागदात नव्हतं.

आता मला लक्षणं पाठ झाली आहेत. उभ्या गाडीत आठशेवर असणारा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हजारावर जातो, पंखा घोंघावू लागतो, ॲव्हरेजचा आकडा कोसळतो. आणि हे सगळं नेमकं घराच्या शेवटच्या वळणावर सुरू होतं.

"पोचलास का?" बायकोचा फोन.

"पोचलोय. पण उतरता येत नाही."

अशा रात्री मी घरावरून पुढे निघून जातो आणि वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून पळवतो. कुणी विचारलंच तर सांगतो, गाडीला फिरवून आणतो. शेजारी त्याच सुमाराला कुत्र्याला घेऊन निघतात. त्यांचं काम पहिल्या खांबापाशी उरकतं.

गेल्या रविवारी दिवा पुन्हा लागला आणि तेवढ्यात मित्राचा फोन आला. आवाजातल्या संकोचावरूनच कळलं, डिकीचं काम आहे. एक जुनं कपाट आणायचं होतं.

"पण जरा लांब आहे रे," तो चाचरत म्हणाला. "साठ किलोमीटर. सगळा हायवेच आहे म्हणा, तरी…"

त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मी चप्पल घातली होती.

अर्ध्या वाटेत दिवा गेला. येताना कपाटाचा एक पाय माझ्या कानाशी ठकठकत होता आणि मित्र गहिवरून सांगत होता की हल्ली एवढं कोण करतं कुणासाठी. मी नम्रपणे रस्त्याकडे बघत राहिलो. उतरताना मात्र विचारून घेतलं, टेबल कधी आणायचंय?