काकांचा मारेकरी बदलता येत नाही

आज दुपारी भाच्याबरोबर बसून २००७ सालचा 'स्पायडर-मॅन ३' पुन्हा पाहिला, आणि चित्रपट संपल्यावर त्याने जे विचारले त्यामुळे तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. तो म्हणाला, "आत्या, बेनकाकांना मारणारा तर दुसराच निघाला. मग पीटर इतकी वर्षं उगाचच स्वतःला दोष देत होता ना?" पीटर म्हणजे कोळ्याच्या चाव्यातून शक्ती मिळालेला स्पायडर-मॅन, आणि बेनकाका म्हणजे त्याला वाढवणारे त्याचे काका. अकरा वर्षांच्या मुलाचे यात काहीच चुकले नाही, त्याला जे दाखवले तेच त्याने पाहिले. माझा राग आहे तो दाखवणाऱ्यांवर.

मूळ गोष्ट ऑगस्ट १९६२च्या 'अमेझिंग फॅन्टसी' या अमेरिकन कॉमिकच्या पंधराव्या अंकातली. लेखन स्टॅन ली यांचे, चित्रे स्टीव्ह डिटको यांची, आणि पाने अवघी अकरा. नवी शक्ती मिळालेला पीटर टीव्हीवर कसरती करून पैसे मिळवू लागतो. एकदा स्टुडिओत एक चोर त्याच्यासमोरून पळत जातो, मागून धावणारा पोलीस त्याला अडवायला सांगतो, आणि पीटर स्वस्थ उभा राहतो. पुढे एका रात्री घरी येतो तो दाराशी पोलीस, आणि काका गेलेले. मारेकऱ्याला गोदामात गाठून तो त्याचा चेहरा पाहतो, तर हा तोच चोर. पुढची साठ वर्षे या एका चौकटीवर उभी आहेत.

ती गोष्ट मी बाबांबरोबर वाचली. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तके मिळतात, तिथून त्यांनी पुनर्मुद्रित अंकाची एक फाटकी प्रत आणली होती. बाबा बसवाहक होते. त्यांचे इंग्रजी बेताचे, त्यामुळे ते एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत, आणि सुट्ट्या नाण्यांनी काळवंडलेला त्यांचा अंगठा पानाच्या कडेवर असे. चोराच्या चेहऱ्याच्या चौकटीपाशी ते बोट थांबले आणि बराच वेळ पुढे सरकलेच नाही. मग ते एवढेच म्हणाले, "आता या पोराला झोप लागायची नाही."

चित्रपटवाल्यांनी ती झोप पीटरला परत देऊन टाकली. तिसऱ्या भागात फ्लिंट मार्को नावाचा दुसराच गुन्हेगार खरा मारेकरी ठरतो. पीटरने ज्याला जाऊ दिले तो निव्वळ साथीदार होता, त्याचा हात लागून मार्कोची गोळी सुटली, म्हणजे धागा पुरता तुटलेला नाही, हे मला मान्य करावे लागते. शेवटी पीटर मार्कोला क्षमा करतो तो प्रसंग चांगला वठला आहे, हेही खरे. पण एका मुलाच्या न पुसता येणाऱ्या चुकीचे तुम्ही अपघातात रूपांतर केलेत, आणि तेही त्याच दिग्दर्शकाने, ज्याने २००२ साली पहिल्या भागात ही चूक इतकी नेमकी उभी केली होती! टीव्हीच्या स्टुडिओऐवजी तिथे कुस्तीचा आखाडा होता. मालकाने पैशांत फसवले म्हणून पीटर त्या मालकाला लुटून पळणाऱ्या चोराला मुद्दाम जाऊ देतो. सगळा तपशील बदलला होता आणि तरीही मला तो बाबांच्या बोटाखालचाच प्रसंग वाटला.

म्हणून मला पोथीनिष्ठ म्हणू नका. जाळे मनगटातून आपोआप निघते की मुलाने स्वतः बनवलेल्या यंत्रातून, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मला त्याचे सुतक नाही. शक्तीबरोबर जबाबदारी येते हे सुप्रसिद्ध वाक्य तर मूळ अंकात बेनकाकांच्या तोंडी नाहीच, ते शेवटच्या चौकटीतले निवेदन आहे. २०२१च्या चित्रपटात ते पीटरच्या मेकाकूंच्या तोंडी दिले, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आले. आणि २००४ साली आपल्याच मुंबईत घडणारे 'स्पायडर-मॅन: इंडिया' हे कॉमिक निघाले, त्यात पीटरचा पवित्र प्रभाकर झाला, अंगात धोतर आले, कोळ्याच्या चाव्याच्या जागी योगी आला. परंतु संकटात सापडलेल्या बाईला मदत न करता पवित्र पुढे निघून जातो आणि तिला वाचवायला गेलेले भीमकाका मारले जातात. ज्याने हे लिहिले त्याला मूळ गोष्ट कळली होती. देश बदला, नाव बदला, कपडे बदला, पण मुलाची चूक त्याच्याकडून काढून घेऊ नका.

कॉमिक वाचणारे मूठभर आणि चित्रपट पाहणारे कोट्यवधी, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो मला उलट जास्त बोचतो, कारण त्या कोट्यवधींना आता पीटर निर्दोष म्हणूनच माहीत राहणार.

बाबांचे बोट त्या चौकटीपाशी का थांबले, हे त्यांनी निवृत्त झाल्यावर मला सांगितले. एकदा त्यांच्या बसमध्ये एका म्हाताऱ्याच्या खिशात हात घालून एक माणूस मागच्या दाराने उतरताना त्यांनी पाहिला होता. पाळी संपत आली होती, म्हणून त्यांनी दोरी ओढून घंटी दिली आणि बस पुढे निघाली. पुढच्या थांब्यावर म्हातारा खिसे चाचपत उभा राहिला. महिन्याचे सगळे पेन्शन गेले होते. बाबांना त्या माणसाचा चेहरा अखेरपर्यंत आठवत असे, आणि दुसऱ्या कोणी येऊन "ती तुमची चूक नव्हती" म्हटले असते तर त्यांनी ते ऐकून घेतले नसते.

मघाशी भाच्यावर मी जरा जोरातच बोलले, त्याचे आता वाईट वाटते आहे. ती फाटकी प्रत माझ्या कपाटात अजून आहे, चोराच्या चौकटीच्या कडेला काळपट अंगठा उमटलेला आहे. रविवारी तो पुन्हा येईल तेव्हा ती त्याच्या हातात देणार आहे. त्याचे इंग्रजी त्याच्या आजोबांपेक्षा कितीतरी चांगले आहे, त्यामुळे मी नुसती शेजारी बसेन.