बासच्या ठोक्याला लाइट डिम होतात? कपॅसिटर विकत घेण्याआधी मीटर लावा

कार ऑडिओबद्दलचा एक मेसेज सध्या पोरांच्या फोनमधून फिरतोय. त्यात पाच सल्ले आहेत. एक, डब्यावर जास्त वॅट लिहिलेला अँप (अँप्लिफायर) घ्या. दोन, बासच्या ठोक्याला हेडलाइट डिम होत असतील तर 1 फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटकन सोडणारा डबा) बसवा. तीन, तरी भागलं नाही तर मोठी बॅटरी टाका. चार, वूफर (बासचा स्पीकर) 1 ओहमला, म्हणजे कमीत कमी रोधाला जोडा, दुप्पट पॉवर फुकट मिळते. पाच, फ्यूज सारखा उडत असेल तर दुप्पट अँपिअरचा टाका. मी गाड्यांचं वायरिंग करतो. या पाचांपैकी एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही, आणि पाचवा तर गाडी पेटवू शकतो.

परवा एक मुलगा छोटी हॅचबॅक घेऊन आला. पाचही सल्ल्यांच्या वाटेवर होता, कपॅसिटर तर न फोडलेल्या खोक्यासकट सीटवर ठेवला होता. त्याच्याच गाडीवरून सांगतो.

त्याच्या अँपवर 3000 वॅट छापलंय. पण मागच्या बाजूला फ्यूज दोनच, 30-30 अँपिअरचे. 60 अँपिअर गुणिले 14 व्होल्ट म्हणजे 840 वॅट आत जाणार. क्लास डी अँप (बासला वापरतात तो कमी तापणारा प्रकार) त्यातले साधारण 80 टक्के वूफरला देतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे हातात उरले 670 वॅट. 3000 येणार कुठून? डब्यावरचा आकडा बघायचाच नाही. आरएमएस, म्हणजे अँप सतत देऊ शकतो ती पॉवर बघा, आणि तोही फ्यूजच्या हिशेबात बसतो का ते पडताळा.

आता गाडीकडे पुरवठा किती, ते बघू. अशा गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) 75 अँपिअरच्या आसपासचा असतो, तोही इंजिन चांगलं फिरत असताना. सिग्नलला उभं असताना आयडलिंगवर त्याच्या निम्म्याच्या जवळपास मिळाला तरी खूप. त्यातच हेडलाइट, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा फॅन, फ्युएल पंप आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) भागवायचे. रात्री एसी चालू असेल तर 40 अँपिअर असेच जातात. उरलं त्यात गाणं वाजवायचं. गाण्यात बास सतत नसतो, त्यामुळे सरासरी करंट कमाल आकड्यापेक्षा बराच कमी राहतो हे खरंय. पण लांबलचक बासचे टेस्ट ट्रॅक लावले की ही सवलत संपते.

आणि कपॅसिटर. व्होल्टेज 14.4 वरून 12.5 पर्यंत उतरताना 1 फॅरडचा कपॅसिटर जेमतेम 26 जूल सोडतो. हजार वॅट आरएमएसचा क्लास डी अँप पूर्ण जोरात सेकंदाला 1250 जूल ओढतो. भागाकार केला तर उत्तर येतं सेकंदाचा पन्नासावा भाग. 50 हर्ट्झच्या बासचं एक आवर्तनही तेवढ्याच वेळाचं. म्हणजे एका आवर्तनात कपॅसिटरचा साठा संपला, आणि पुन्हा भरायला त्याला त्याच दमलेल्या अल्टरनेटरकडे हात पसरावा लागतो. कपॅसिटर वीज तयार करत नाही. अगदी क्षणभराचा खड्डा तो बुजवेल, रोजची तूट भरून काढणार नाही.

लाइट का डिम होतात हे कळायला दोनशे-तीनशे रुपयांचं मल्टिमीटर पुरतं. बास वाजत असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा, मग अँपच्या टर्मिनलवर. दोन्हीकडे सारखंच पडलं तर पुरवठाच कमी आहे. बॅटरीवर ठीक आणि अँपवर कमी, तर दोष वायरमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या बॉडीला दिलेल्या निगेटिव्ह जोडणीत. या मुलाच्या गाडीत बॅटरीवर 12.9 आणि अँपवर 11.1 आले. म्हणजे 1.8 व्होल्ट वाटेतच खाल्ले गेले, आणि बॅटरीवरही हवे तेवढे नव्हते. दोन्ही रोग एकदम.

वायर कापून टोक ब्लेडने खरवडलं. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. असली वायर त्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत जेमतेम 60-65 टक्के वीज वाहून नेते. शिवाय जाड दिसत होती ती प्लॅस्टिकमुळे, आतली तार 8 गेजची, म्हणजे बारीकच. अर्थचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) तर बॉडीच्या रंगावरच आवळलेला. पत्रा घासून चकचकीत केल्याशिवाय अर्थ कधीच घेऊ नका, आणि सीटबेल्टच्या बोल्टवर तर नकोच, तो जीव वाचवायला आहे. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट सेन्सर असतो. तिथे अँपचा अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला न जोडता बॉडीला द्यावा, नाहीतर सेन्सरला तो करंट दिसतच नाही.

मोठ्या बॅटरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. इंजिन चालू असताना 14 व्होल्टला बॅटरी स्वतःच चार्ज होत असते, म्हणजे तीसुद्धा लोडच. व्होल्टेज 12.7 च्या खाली घसरल्यावर ती मदतीला येते, तोवर लाइट डिम झालेले असतात. इंजिन बंद ठेवून वाजवायचं असेल तर दुसरी बॅटरी कामाची, पण ती भरायचीही अल्टरनेटरनेच.

1 ओहमचा सल्ला पोरांना फार गोड वाटतो. याच्याकडे दोन वूफर, प्रत्येकात 4-4 ओहमच्या दोन कॉइल. चारही पॅरलल जोडून त्याने 1 ओहम केलं होतं. त्याच्या अँपवर मात्र स्पष्ट लिहिलंय, किमान 2 ओहम. फुकट काही मिळत नाही. पॉवर दुप्पट झाली तरी आवाज 3 डेसिबलने वाढतो, कानाला तो थोडासाच फरक. बॅटरीकडून ओढला जाणारा करंट मात्र दुपटीहून जास्त होतो, कारण ओहम घटले की अँपची कार्यक्षमताही घटते. मग अँप तापतो आणि प्रोटेक्टवर जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.

किंवा फ्यूज उडतो. इथेच पाचवा सल्ला येतो. वायरमधला 60 चा फ्यूज दोनदा उडाला म्हणून त्याने 120 चा टाकला होता. कार्पेट उचललं तर वायरचं प्लॅस्टिक मऊ होऊन कार्पेटच्या लोकरीला चिकटलेलं. कृपा करून हे करू नका. तो फ्यूज वायर वाचवायला असतो. पातळ वायरवर मोठा फ्यूज म्हणजे आधी वायर जळणार, फ्यूज नंतर. शिवाय त्याचा फ्यूज डिकीत, अँपशेजारी होता. म्हणजे बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटर वायरला कुणाचंच संरक्षण नाही. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर ग्रोमेटशिवाय (भोकाच्या कडेला घालायच्या रबरी रिंगशिवाय) ओढलेली. पत्र्याने ती कापली असती तर स्टार्टर फिरवणारी बॅटरी शेकडो अँपिअर तिथेच ओतत राहिली असती, आणि खाली कार्पेट. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा.

आम्ही 21 चौरस मिलिमीटरची अस्सल तांब्याची वायर ओढली, ग्रोमेट घातला, बॅटरीजवळ 60 चा फ्यूज बसवला, अर्थचा पत्रा घासला. वूफरच्या कॉइल सिरीज-पॅरलल (दोन-दोन एकापुढे एक, मग त्या जोड्या शेजारी-शेजारी) करून 4 ओहम केलं. त्याचा चेहरा उतरला, "आवाज कमी होणार ना दादा?" त्याला वाजवूनच दाखवलं. 4 ओहमला अँप जवळपास निम्मीच पॉवर देतो. पण दोन वूफर मिळून हवा दुप्पट ढकलतात, म्हणून 2 ओहमला पूर्ण पॉवरने वाजणाऱ्या एकट्या वूफरएवढाच बास निम्म्या करंटमध्ये मिळतो. छोट्या बंद केबिनमध्ये खालचा बास तसाही वाढतोच. अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) क्लिपिंगच्या, म्हणजे आवाज फाटायच्या पातळीच्या खाली आणला. परत मीटर लावलं, बॅटरीवर 13.6 आणि अँपवर 13.3. आयडलिंगला एसी चालू केला की लाइट अजून किंचित हलतात, कारण अल्टरनेटर तोच आहे.

कपॅसिटर त्याने दुकानात परत केला. वायरचे बरेचसे पैसे त्यातूनच निघाले.