फोटो ड्रॉइंगमध्ये पेस्ट करून मूळ फाइल उडवायला सांगणाऱ्या संदेशाबद्दल

“ऑटोकॅडमधला फोटो गायब होतो? हे सहा रामबाण उपाय करा” असा ऑटोकॅड या नकाशे काढायच्या प्रोग्रामबद्दलचा एक संदेश सिव्हिलवाल्यांच्या, मोजणीवाल्यांच्या आणि प्लॉटिंगवाल्यांच्या ग्रुपांवरून फिरतो आहे. मी दोनदा वाचून सोडून दिला होता. मग माझ्या भाचीचा फोन आला. ती एका मोजणीदाराच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. “मामा, क प्रतीचं स्कॅन ड्रॉइंगमधून गेलं. शीटवर नुसती चौकट दिसतेय आणि आत कसलातरी पत्ता लिहिलाय.” मूळ स्कॅन कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, “डिलीट केलं. त्या मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं.” रीसायकल बिनही रिकामं केलेलं. कागदावरची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, जमीनमालकाला केव्हाच परत दिलेली. आता ऑफिसने त्या माणसाकडे कोणत्या तोंडाने पुन्हा नकाशा मागायचा? म्हणून हे लिहितो आहे.

संदेशातले दावे थोडक्यात असे. एक, फोटो अटॅच न करता कॉपी-पेस्ट करा, म्हणजे तो कायमचा ड्रॉइंगच्या आत जातो. मग मूळ फाइल डिलीट करून जागा वाचवा. दोन, इमेजफ्रेम ही सेटिंग शून्य असल्यामुळे फोटो जातो, ते एक करा. तीन, पर्ज आणि ऑडिट या कमांड मारा, फोटो परत येतो. चार, फाइल 2004 च्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. पाच, सिक्युअरलोड ही सेटिंग शून्य करून सोबत दिलेली लिस्प फाइल (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) लोड करा, सगळे फोटो आपोआप आत बसतात. सहा, दोष ग्राफिक्स कार्डाचा आहे, हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा.

पहिल्याच दाव्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून आधी तो.

ऑटोकॅडमध्ये फोटो अटॅच केला की डीडब्ल्यूजीमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या फाइलमध्ये, फोटो जात नाही. जातो तो फोटोचा पत्ता, त्याची जागा, माप, कोन आणि कडा कापल्या असतील तर त्यांच्या खुणा. हे माझं मत नाही. ऑटोडेस्कच्या स्वतःच्या मदतपुस्तिकेत रास्टर इमेजच्या, म्हणजे फोटो आणि स्कॅनच्या, प्रकरणात हे स्पष्ट लिहिलं आहे: एक्सरेफसारखीच (बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगसारखीच) इमेजही ड्रॉइंगचा भाग नसते, ती पाथने, म्हणजे फाइलच्या पत्त्याने, जोडलेली असते. कोणाला खात्री करायची असेल तर चाळीस एमबीची एखादी टिफ फाइल कोऱ्या ड्रॉइंगला जोडा, सेव्ह करा आणि डीडब्ल्यूजीचं वजन बघा. जेमतेम काही केबी वाढलेलं दिसेल. मग चाळीस एमबी गेले कुठे? कुठेच नाहीत, जिथे होते तिथेच आहेत. तिथून तुम्ही ती फाइल हलवली, नाव बदललं, पेन ड्राइव्ह काढला किंवा डिलीट मारलं, की ऑटोकॅडला ती सापडत नाही. मग ते फोटोच्या जागी चौकट काढतं आणि आत फाइलचा पाथ लिहितं. भाचीला जो “कसलातरी पत्ता” दिसला तो हाच. काय बिघडलंय याचं उत्तर शीटवरच लिहिलेलं होतं.

आता पेस्टचं. इथे संदेशात अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. पेंटमध्ये फोटो उघडून, सिलेक्ट करून, कॉपी मारून ऑटोकॅडमध्ये पेस्ट केला, तर तो खरोखर ड्रॉइंगच्या आत जातो. याला ओएलई ऑब्जेक्ट म्हणतात. अशा फोटोची मूळ फाइल नसली तरी तो शीटवर राहतो.

पण भाचीने काय केलं? एका जुन्या ड्रॉइंगमध्ये अटॅच केलेलं स्कॅन उचललं, कंट्रोल सी मारलं आणि नव्या ड्रॉइंगमध्ये कंट्रोल व्ही. यात इमेज आत जात नाही, एका ड्रॉइंगमधला पत्ता दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये उतरतो, एवढंच. फोल्डरमधून जेपीजी ओढून ड्रॉइंगवर सोडली तरी तेच, ती अटॅचच होते. संदेश लिहिणाऱ्याला यातला फरक माहीत नाही, किंवा माहीत असून त्याने लिहिला नाही. “कॉपी-पेस्ट करा, मूळ डिलीट करा” एवढंच वाचून नवखी मुलं दुसरं काय करणार? फरक ओळखायला दोन सेकंद लागतात: फोटो सिलेक्ट करा आणि प्रॉपर्टीज पॅलेटच्या माथ्यावर बघा. तिथे “रास्टर इमेज” असेल तर फोटो बाहेर आहे, “ओएलई” असेल तर आत.

बरं, फोटो खरोखर ओएलई म्हणून आत गेला, तरी मूळ फाइल उडवायची का? अजिबात नाही. ए-वन मापाचा मोजणी नकाशा 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, स्कॅन केला तर साधारण 9933 गुणिले 7016, म्हणजे जवळजवळ सात कोटी पिक्सेल होतात. रंगीत असेल तर न दाबलेल्या बिटमॅपच्या रूपात तो दोनशे एमबीच्या वर जातो. जेपीजीत तो लहान दिसतो कारण जेपीजी दाबलेली असते. पेस्ट करताना बिटमॅप जातो, ते दाबणं उरत नाही, आणि ड्रॉइंग फुगतं. जागा वाचवायला निघालेल्या माणसाची डीडब्ल्यूजी मग मेलला जोडता येत नाही.

त्याहून वाईट गोष्ट कामाची आहे. अटॅच केलेली इमेज इमेजक्लिपने कापता येते, इमेजॲडजस्टने फिकी करता येते म्हणजे वर रेषा मारताना डोळ्यांना त्रास होत नाही. ओएलईला यातलं काही लागू होत नाही. क प्रतीवरून हद्द ट्रेस करणारा माणूस दिवसभर हेच तर करत असतो. आणि तीन महिन्यांनी गट नंबरावरून किंवा हद्दीच्या एखाद्या वळणावरून वाद निघाला, तर तुम्ही मूळ स्कॅन झूम करून दाखवणार की पेंटमधून आलेला तुकडा? ज्या नकाशावरून हद्द काढली त्याची मूळ स्कॅन फाइल हा त्या कामाचा पुरावा असतो. ती डिलीट करायचा सल्ला देणाऱ्याने कधी जमिनीचं काम केलेलं नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

ओएलईही गायब होऊ शकतो, हे तर त्या संदेशात औषधालाही नाही. ओएलईहाइड नावाची एक सेटिंग आहे. ती शून्य असेल तर सगळे ओएलई दिसतात, तीन असेल तर एकही दिसत नाही आणि छापतही नाही. एकला फक्त लेआउटमधले, म्हणजे छपाईच्या पानावरचे, दिसतात आणि दोनला फक्त मॉडेलमधले, म्हणजे मूळ रेखाटनातले. ही सेटिंग ड्रॉइंगमध्ये साठत नाही, त्या त्या संगणकावर साठते. म्हणून तीच फाइल तुमच्याकडे व्यवस्थित आणि साहेबांच्या लॅपटॉपवर कोरी दिसते. कमांड लाइनवर ओएलईहाइड लिहून एंटर मारा आणि आकडा बघा.

दुसरा, तिसरा आणि चौथा दावा फार वेळ देण्यालायक नाहीत. इमेजफ्रेम फोटोभोवतीच्या चौकटीसाठी आहे. शून्य केलं तर चौकट जाते, फोटो राहतो. फार तर फोटो सिलेक्ट करायला अडचण येते, आणि बहुधा तीच अडचण पाहून कोणीतरी हा शोध लावला असावा. पर्ज न वापरलेल्या गोष्टी काढून टाकतं, ते काही परत आणत नाही. ऑडिट फाइलच्या आतली मोडतोड शोधतं. इथे मोडतोड झालेलीच नाही, फक्त पत्त्यावर माणूस नाही. आणि 2004 चा फॉरमॅट केल्याने पाथ बदलत नाही. जो फोटो नव्या फॉरमॅटमध्ये सापडत नाही तो जुन्यातही सापडणार नाही.

पाचवा दावा मात्र धोकादायक आहे. सिक्युअरलोड ही ऑटोकॅड 2014 पासून आलेली सुरक्षा आहे. ती मुळात एकवर असते, म्हणजे विश्वासू ठरवलेल्या फोल्डरबाहेरची लिस्प फाइल लोड व्हायला लागली की ऑटोकॅड थांबून विचारतं. शून्य केली की विचारणं बंद. हा संदेश आधी दाराची कडी काढायला लावतो आणि मग अनोळखी फाइल आत घ्यायला सांगतो.

लिस्पने काय होऊ शकतं याची कल्पना नसेल तर 2012 आठवा. त्या वर्षी जूनमध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने एसीएडी-मेड्रे-ए नावाचा व्हायरस उघडकीला आणला. तो ऑटोलिस्पमध्ये, म्हणजे त्याच लिस्पच्या भाषेत, लिहिलेला होता आणि पेरू देशात सगळ्यात जास्त पसरला होता. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग उघडलं की तो ती फाइल चीनमधल्या मेल सेवांवरच्या खात्यांना पाठवत असे. हजारो ड्रॉइंग अशी बाहेर गेली. उघडणाऱ्याला स्क्रीनवर काहीच वेगळं दिसत नव्हतं. तुमच्या संगणकात लोकांच्या जमिनींच्या हद्दी आहेत, इमारतींचे प्लॅन आहेत, कुणाच्या बंगल्याचे जिने आणि तिजोरीच्या खोल्या आहेत. ग्रुपवर कोणीतरी टाकलेली लिस्प, लिहिणाऱ्याचं नाव नाही, आत काय आहे ते कोणी उघडून वाचलेलं नाही, आणि ती लोड करायला सुरक्षा बंद करायची? मी त्या संदेशासोबतची फाइल लोड केलेली नाही आणि कोणी करूही नये. ज्यांनी सिक्युअरलोड शून्य केलं असेल त्यांनी हे वाचणं थांबवून आधी ते पुन्हा एक करावं.

सहाव्या दाव्यातही अर्धं सत्य आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर जुना असेल तर स्क्रीनवर काहीबाही दिसतं, इमेज काळी पडते किंवा पॅन करताना नाहीशी होते, हे खरं आहे. आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केल्यावर ते थांबतंही. पण ते ओळखायची सोपी खूण आहे. प्लॉट प्रिव्ह्यू काढा किंवा पीडीएफ करा. त्यात फोटो आला तर दोष स्क्रीनचा. त्यातही चौकट आणि पत्ताच आला तर कार्डाला बोल लावून उपयोग नाही.

मग खरं करायचं काय? एक्सरेफ कमांड मारा, पॅलेट उघडेल. ज्या इमेजसमोर “नॉट फाउंड” आहे ती निवडा आणि खाली “सेव्ह्ड पाथ” वाचा. शंभरातल्या बहुतेक वेळा कारण तिथेच दिसतं. पाथ ई ड्राइव्हचा असतो आणि या संगणकाला ई ड्राइव्हच नसतो. किंवा पाथ कोणाच्या तरी डेस्कटॉपचा असतो. उजवं क्लिक करून नवा पाथ द्या, फोटो परत येतो. ऑटोकॅड सेव्ह केलेल्या पाथवर फाइल मिळाली नाही तर ड्रॉइंगच्या स्वतःच्या फोल्डरातही शोधतं. म्हणून इमेज आणि डीडब्ल्यूजी एकाच फोल्डरात ठेवली तर निम्मी भानगड मिटते, मात्र फाइलचं नाव अक्षर न अक्षर तेच हवं.

ते नाव सगळ्यात जास्त कुठे बदलतं? व्हॉट्सॲपवर. स्कॅन फोटो म्हणून पाठवलं की समोरच्याला आयएमजी, तारीख आणि डब्ल्यूए असलेलं नवंच नाव मिळतं, शिवाय पिक्सेलही कमी होतात. मग ऑटोकॅड जुन्या नावाने शोधत बसतं. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पाथ रिलेटिव्ह, म्हणजे ड्रॉइंगच्या फोल्डरापासून धरलेला, ठेवा. ऑटोकॅड 2018 पासून नवीन अटॅचमेंटला तो आपोआप रिलेटिव्हच असतो. जुन्या ड्रॉइंगमधले फुल पाथ त्याच एक्सरेफ पॅलेटमध्ये उजव्या क्लिकने बदलता येतात. फक्त डीडब्ल्यूजी एका ड्राइव्हवर आणि इमेज दुसऱ्यावर असेल तर रिलेटिव्ह पाथ होऊच शकत नाही. आणि बाइंड करून, म्हणजे जोडलेली फाइल ड्रॉइंगमध्येच मिसळून, सुटू असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: बाइंड एक्सरेफ ड्रॉइंगला चालतं, इमेजला नाही.

आणखी एक जागा, जिथे जाणते लोकही फसतात. ऑटोकॅड 2017 पासून पीडीएफ इंपोर्ट करून रेषा मिळवता येतात. त्या पीडीएफमध्ये फोटो असतील तर ऑटोकॅड ते पीएनजी करून एका वेगळ्या फोल्डरात ठेवतं आणि तिथून ड्रॉइंगला जोडतं. हे फोल्डर बहुतेकांना माहीतही नसतं. डीडब्ल्यूजी दुसऱ्याला दिली की लोगो गेला, की-प्लॅन (जागा कुठे आहे ते दाखवणारा छोटा नकाशा) गेला, आणि “आम्ही तर काहीच अटॅच केलं नव्हतं” अशी तक्रार येते.

दुसऱ्या ऑफिसला फाइल द्यायची तर ईट्रान्समिट मारा. ते ड्रॉइंग, इमेज, एक्सरेफ, फॉन्ट आणि सीटीबी (छपाईच्या रेषांची सेटिंग असलेली फाइल) एका झिपमध्ये गोळा करतं. झिप करण्याआधी त्यातल्या यादीत तुमची इमेज आहे का तेवढं बघा, कारण जी तुमच्याकडेच “नॉट फाउंड” आहे ती झिपमध्ये कुठून येणार? घेणाऱ्याला सांगा की झिपच्या आतूनच डीडब्ल्यूजीवर डबल क्लिक करू नका, आधी सगळं एका फोल्डरात काढा. आणि प्लॉटिंगवाल्याला डीडब्ल्यूजी देऊच नका. त्याला पीडीएफ द्या, फोटो त्याच्या आत असतो आणि त्याच्या संगणकावर कुठलाही पाथ लागत नाही.