सिलेंडरकडून सरपणाकडे

आमच्या लीड्सच्या घरातली गॅसची शेकोटी एकदाची गेली. तशी ती बरीच वर्षं जाऊ जाऊ करत होती. जाळीत रचलेले सिरॅमिकचे खोटे कोळसे, त्यांच्यातून डोकावणारी पिवळी ज्योत आणि बहुतेक सगळी ऊब धुराड्यातून थेट यॉर्कशरच्या कावळ्यांना. तपासणीला आलेल्या गॅसवाल्याने आत टॉर्च मारला, मान हलवली, "हिचे पार्ट आता मिळत नाहीत" म्हणाला आणि 'वापरू नये' अशी चिठ्ठी डकवून चहा न घेता निघून गेला.

माझ्या लेखी विषय तिथेच संपला होता. घरात रेडिएटर आहेत. ते भोक बुजवायचं, पुढे फळी टाकायची, गौरी-गणपतीची सोय होईल. पण नवऱ्याला एकाएकी विस्तवाचा उमाळा आला. जन्म कऱ्हाडचा असला तरी या माणसाने आयुष्यात उदबत्तीपलीकडे काही पेटवलेलं नाही. "इतकं जुनं १९३० सालचं घर, मूळ धुराडं शाबूत आहे, आणि आपण फळी टाकायची?" मग रात्र रात्र कॅटलॉग. विजेची शेकोटी त्याने 'ती एलईडीची माळ आहे' म्हणून बाद केली. बायोइथेनॉलवाली मी बाद केली, कारण दिवाणखान्यात स्पिरिटचा दिवा लावायला ही काही प्रयोगशाळा नाही. उरला तो काचेच्या दाराचा लाकडावरचा स्टोव्ह.

ही बातमी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना सांगितली तेव्हा त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"म्हणजे चूल," त्या म्हणाल्या.

"चूल नाही गं आई, स्टोव्ह. काच असते पुढे."

"लाकडं घालायची ना? मग चूल."

त्यांचं दुःख मला समजत होतं. धाकट्या वन्संच्या बारशाच्या सुमारास त्यांनी गॅससाठी नंबर लावला होता आणि वन्सं पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागल्या तेव्हा सिलेंडर घरात आला. त्याला हळद-कुंकू वाहून त्यांनी चुलवण फोडलं, ते कायमचं. पुढे २०१६ मध्ये सरकारने उज्ज्वला योजना आणून गावोगावच्या बायकांना चुलीपासून सोडवायचं मनावर घेतलं. आणि आता त्यांचा इंजिनिअर मुलगा इंग्लंडात पौंड मोजून उलट्या दिशेने निघालेला. "किती पडतात?" असं त्यांनी विचारलं. नवऱ्याने सगळ्या खर्चातला निम्माच आकडा सांगितला, तरीही त्यांनी "अगं बाई" म्हणून पदर तोंडाला लावला.

खरी गंमत दुकानात. नवऱ्याने मनात आठ किलोवॅटचा राजेशाही स्टोव्ह धरला होता. विक्रेत्याने खोलीची मापं विचारली. लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणायची आणि १४ ने भागायचं, असा त्यांचा ढोबळ हिशेब. आमची खोली ४५ घनमीटर, म्हणजे जेमतेम सव्वातीन किलोवॅट. आठचा लावला असता तर जानेवारीत बनियनवर बसावं लागलं असतं. शिवाय पाच किलोवॅटच्या वर गेलं की नियमाने भिंतीला कायमचं उघडं हवेचं भोक ठेवावं लागतं. उबेसाठी स्टोव्ह आणायचा आणि त्याच्यासाठी गार वाऱ्याला घरात घ्यायचं! म्हणूनच दुकानात ४.९ किलोवॅटचे स्टोव्ह ओळीने मांडलेले असतात, ९९९ रुपयांच्या चपलांसारखे.

नियमांचं पुराण एवढ्यावर थांबत नाही. डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या विषारी धुक्यात हजारो माणसं गेली, त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, आणि आमची गल्ली धूरबंदीच्या हद्दीत येते. इथे लाकूड जाळायचं तर सरकारी यादीत बसणारा स्टोव्हच हवा. (यादीत बसला म्हणून तो धूर गुलाबपाण्याचा होत नाही. घरगुती जळण हा इथल्या हवेतल्या बारीक कणांचा मोठा स्रोत आहे, हे मी नवऱ्याला जेवताना वाचून दाखवलं. त्याने आमटी वाढून घेतली.) जुनी गॅसची नळी अधिकृत माणसाकडूनच बंद करायची. धुराड्यात गॅससाठी घातलेलं अस्तर लाकडाच्या धुराला चालत नाही, ते उपसून स्टीलचं नवं घालायचं. धुराडं झाडून घ्यायचं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवायचा. "आमच्या वेळी धूर झाला की डोळ्यांना कळायचं," सासूबाई म्हणाल्या. या वायूला रंग नाही, वास नाही, हे त्यांना सांगितल्यावर मात्र त्यांनी दोन अलार्म लावायला बजावलं.

त्या दिवसापासून सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. इथे विकतच्या जळणात ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा असा दंडक आहे. नवऱ्याने लगेच दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र मागवलं आणि नमुन्याच्या ओंडक्यांत सुया खुपसत बसला. कॅमेऱ्यातून हे बघवेना तेव्हा पलीकडून हुकूम आला, "अरे, दोन लाकडं एकमेकांवर आपट. ठण्ण वाजलं की वाळलेलं, थप्प वाजलं की ओलं." यंत्राने त्यांच्या प्रत्येक निकालावर मान डोलावली. मग नवऱ्याने विस्ताराने सांगितलं, की खालून येणारी हवा पेटवण्यापुरती, वरून येणारी काच स्वच्छ ठेवते, आणि दोन्ही खटक्यांनी कमी-जास्त करता येतात. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे फुंकणी आतच बसवलीय," त्या म्हणाल्या, "बरं केलंय."

स्टोव्ह बिडाचा की पोलादाचा, यावर आमच्यात अबोला झाला. पोलाद लवकर तापतं, बीड उशिरा तापून उशिरा निवतं. नवऱ्याला बीड हवं होतं, वर वेलबुट्टीसकट. ती वेलबुट्टी पुसणार कोण, हा माझा मुद्दा. निकाल लावला सासूबाईंच्या प्रश्नाने: "वर तवा बसतो का?"

विक्रेता गडबडला, पण प्रश्न बिनतोड होता. बऱ्याच स्टोव्हची धुराची नळी डोक्यावरून निघते, त्यामुळे माथ्यावर जागाच उरत नाही. मागून नळी काढता येणारा असेल तर माथा मोकळा. झालं, निवड मागच्या नळीवर ठरली. पुढच्या खेपेला मी घरचा बिडाचा तवा पिशवीत घालून नेला आणि एकेका स्टोव्हवर ठेवून पाहिला. वेलबुट्टीवर तो डुगडुगला. सपाट पोलादावर नीट बसला.

ऑर्डर गेली आहे. सासूबाईंनी उन्हाळ्याचा बेत मोडून डिसेंबरचा व्हिसा मागितला आहे. आत बसवलेल्या फुंकणीवर त्यांचा भरवसा नाही, त्या आपली लोखंडी घेऊन येणार आहेत. ती केबिन बॅगेत चालते का, हे विमान कंपनीला विचारायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि फुंकणी कशी असते हे फोनवरच्या मुलीला इंग्रजीत सांगताना मी आत्तापर्यंत दोनदा 'लोखंडी पाईप' म्हणाले आहे.