पेंग्विनच्या मानेत शेवया

इंग्लंडात रेडिंगला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत ख्रिसमस केक म्हणजे दुकानातून डबा आणायचा नि चहाबरोबर संपवायचा, इतकंच. यंदा शेजारच्या आजींनी (वय ऐंशीच्या पुढे, हात माझ्यापेक्षा स्थिर) विचारलं, घरी करणार का, आणि मी हो म्हणून बसले.

केकचं काही नाही हो, केक झाला. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल रात्रभर ब्रँडीत भिजवली, आठ इंची डब्यात मंद आचेवर तासन्‌तास भाजला, तोही नोव्हेंबरातच, कारण हा मुरायला लागतो. मग दर आठवड्याला सुईने भोकं पाडून वरून चमचाभर ब्रँडी. याला इथे केकला भरवणं म्हणतात! त्यात मार्गशीर्ष लागला, म्हणजे ओट्याच्या एका टोकाला महालक्ष्मीचा कलश आणि दुसऱ्या टोकाला फॉइलमध्ये गुंडाळलेला हा तळीराम. नवरा दर रविवारी "त्याला पाजलीस का" म्हणून काळजीने विचारायचा आणि बाटली केकच्या मानाने जरा जास्तच भरभर उतरत होती, पण ते असो.

मार्झिपानही जमलं. काजूकतली लाटणाऱ्या बाईला बदामाचा गोळा लाटायला सांगितला तर काय लाजायचं, खाली जर्दाळूचा जॅम लावून चिकटवला, दोन दिवस वाळवला (नाहीतर बदामाचं तेल वरच्या पांढऱ्यात उतरतं), त्यावर रॉयल आयसिंग थापून चाकूने टोकं ओढली की झाला बर्फ. इथेच हात धुवून बाहेर यायला हवं होतं.

लेक म्हणाला, आई, वर प्राणी पाहिजेत. पेंग्विन, पांढरं अस्वल आणि रॉबिन, म्हणजे तो लाल छातीचा चिमुकला पक्षी. मला वाटलं, लहानपणी पोळ्याला मातीचे बैल केलेत, मोदकाला एकवीस कळ्या पाडते, फॉन्डंट (साखरेची मऊ कणीकच ती) काय चीज आहे!

तर माती गुणी असते, ठेवाल तिथे राहते. फॉन्डंट हाताच्या उबेने बसकण मारतं, आणि घरात हीटिंग चालू. कॉर्नफ्लॉवर लावला तर तासाभरात भेगा, नाही लावला तर बोटांना चिकटून बोटांसकट पेंग्विन. काळा रंग मी पातळ बाटलीतला घातला, तो जेलचा घ्यायचा असतो हे आजींनी नंतर सांगितलं, तोवर गोळ्याचा चिखल आणि माझे हात कोळसेवाल्यासारखे. डोकं टिकायला आत कच्ची स्पॅगेटी खोचतात म्हणे. ती घरात नव्हती, शेवया होत्या. शेवयांवर तोललेलं डोकं हळूहळू छातीवर आलं आणि तिन्ही पेंग्विन कर्जाचा हप्ता थकल्यासारखे खाली बघत उभे. अस्वलाला डोळे म्हणून काळे तीळ लावले, तेव्हा तो रव्याचा लाडू माझ्याकडे टक लावून बघायला लागला. रॉबिनचा लाल तर होईचना, आधी गुलाबी, मग जास्त गुलाबी, शेवटी अर्धी डबी ओतल्यावर झाला तो कुंकवात बसलेली कोंबडी. करायला गेले गणपती तर निदान माकड तरी होतं लोकांचं.

लेकाने सगळं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "पांढरं अस्वल उत्तर ध्रुवावर असतं ना? मग पेंग्विन कसे आले?" रात्री साडेबाराला मला भूगोल! म्हटलं, सुट्टीला आलेत.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "बैल छान झालेत गं, शिंगं राहिली का?"

आजी मात्र केक बघून डोळे पुसेपर्यंत हसल्या, मग रॉबिनला हात लावून सांगितलं की व्हिक्टोरियाच्या काळात पोस्टमनचे कोट लाल असायचे, त्यांनाच रॉबिन म्हणायचे, म्हणून तो ख्रिसमसच्या कार्डांवर आला. आमच्या रॉबिनकडे बघून कुठलंही पत्र पोचलं नसतं, असं मी म्हणाले, तर म्हणाल्या, उशिरा का होईना पोचलं असतं.

केक दोन दिवसांत फस्त. प्राण्यांना कुणी तोंड लावलं नाही, ताटाच्या कडेला काढून ठेवले. पेंग्विन कचऱ्यात गेले, अस्वल मात्र वाळून दगड झालंय, फेकवत नाही. नवरा परवा म्हणाला, संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायकांना हलव्यात मिसळून दे, दात पडले तर म्हणू, तिळगूळ जरा कडक झाला.