पाचोळा जाळून झाडांना ऊर्जा मिळत नाही

नागपुरातल्या ग्रुपांवर दरवर्षी पानगळ सुरू झाली की एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: निसर्गात ऊर्जेचं चक्र असतं, वाघ मेला की त्याची ऊर्जा मातीत, मातीतून झाडात, झाडातून हरणात आणि हरणातून पुन्हा वाघात जाते. म्हणून पाचोळा जाळा, राखेतून ती ऊर्जा झाडाला परत मिळेल. पाठवणाऱ्यांना झाडांची काळजी आहे, यात शंका नाही. पण हे वाचून लोक खरोखर काडी लावतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

पहिलं म्हणजे चक्र ऊर्जेचं नसतंच. फिरतात ते पदार्थ: कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, पाणी. ऊर्जा मात्र उन्हातून पानात येते, पानातून खाणाऱ्यात जाते आणि प्रत्येक पायरीवर तिची उष्णता होऊन निसटते. ती उष्णता कोणतंही पान पुन्हा पकडू शकत नाही. डिसेंबरातल्या पहाटे शेतावरचा शेणखताचा ढीग उकरून बघा, वाफ निघते. चांगला जमलेला ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो. ती ऊब म्हणजे गवतात, कडब्यात साठलेलं ऊन. जिवाणू आणि बुरशी ते खाऊन जगतात आणि उरलेलं हवेत जातं. पुढे त्या खतातून पिकाला मिळतात ते क्षार.

झाड मातीतून ऊर्जा घेतं, हेही खरं नाही. मुळं पाणी आणि क्षार ओढतात. ऊर्जा पानं उन्हातून मिळवतात. उलट झाडच मुळांतून साखर झिरपवून मातीतल्या जिवांना पोसतं. मेसेजमधली आणखी एक ओळ सांगते, की नागपूरच्या कडक उन्हाळ्यात झाडं सर्वांत जास्त ऊर्जा साठवतात. मे महिन्यात पेंचच्या वाटेवरचा साग बघा, अंगावर पान नसतं. पाणी नसेल तर ४५ अंशांचं ऊन त्याच्या काही कामाचं नाही. पाऊस पडला की तो पालवतो.

वाघ साखळीच्या टोकाला, म्हणून त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त ऊर्जा, हा समज तर अगदी उलटा आहे. त्याच्यापर्यंत सर्वांत कमी पोचते. एका वाघाला वर्षाला चितळाएवढे सुमारे ५० प्राणी लागतात, आणि ते दरवर्षी मिळत राहायचे तर रानात ५०० च्या आसपास खूरवाले प्राणी हवेत. अमेरिकेतले परिसंस्थेचे अभ्यासक रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्यातल्या ऊर्जेचा असाच पायरीपायरीचा हिशेब मांडला. तो लेख १९४२ साली छापून आला, त्याच वर्षी, वयाची २७ वर्षं पूर्ण होण्याआधीच, ते गेले. पुढच्या पायरीवर दहा टक्के पोचतात हा शाळेतला आकडा ढोबळ आहे. चितळ, वाघ यांसारखे उष्ण रक्ताचे प्राणी शरीर गरम ठेवण्यातच बहुतेक ऊर्जा खर्च करतात. किड्यांचं तसं नसतं.

आता पाचोळा. माझा खरा जीव इथे अडकला आहे. जंगलातली बहुतेक पानं हिरवी असताना कुणी खात नाही, ती गळून पडतात. म्हणजे रानाच्या अन्नाचा मोठा वाटा चितळाच्या तोंडातून न जाता जमिनीवरून पुढे सरकतो. बुरशी, वाळवी, गांडुळं, गोगलगायी तो खातात. पावसाळ्यात आपल्याकडे येणारा नवरंग पक्षी हाच पाला उलथून किडे टिपतो. अस्वल वारूळ फोडून वाळवी खातं, तेव्हा त्याच्या पोटात जातं ते कुठल्या तरी झाडाचं वाळलेलं पान आणि लाकूड. काडी लावली की या सगळ्यांचं कित्येक महिन्यांचं जेवण दहा मिनिटांत धूर होतं. राखेत पालाश, चुना उरतो, हे मान्य. पण नायट्रोजन बहुतेक उडून जातो, आणि ऊर्जा तर राखेत शिल्लकच नसते.

मोहफुलं वेचणारेही पाला जाळतात. त्यांची अडचण खरी आहे, पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत. पण झाडाखालचा पाला झाडून बाजूला सारला तरी जमीन मोकळी होते. शहरातल्या कडुनिंबाचा पालाही त्याच्याच आळ्यात पसरता येतो. आमच्या गल्लीत मागच्या फाल्गुनात आम्ही तसंच केलं. आषाढात वरचा थर हाताने उचलला, तर खाली पानांची नुसती जाळी उरली होती आणि तिच्यात गांडुळं वळवळत होती.